गडचांदूरच्या सायकलवाटा कुठे असाव्यात

माणिकगडच्या डोंगररांगेखाली मातीच्या वाटेने सायकल चालवणारी माणसे शोधावी लागत नाहीत. सकाळी शाळेला निघालेल्या मुली, कॅरिअरला डबा अडकवून सिमेंट कारखान्याच्या गेटकडे जाणारे कंत्राटी कामगार, वावरात जागलीला जाणारे शेतकरी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना, राजुरा आणि जिवती तालुक्यांत ही सगळी मंडळी रोज मुरूम, काळी माती आणि बंडीच्या चाकोऱ्या यांतूनच वाट काढतात. जगात ज्याला माउंटन बायकिंग म्हणतात आणि ज्यासाठी १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून पदके दिली जातात, ते इथे जाण्यायेण्याचे साधन आहे. शहरातल्या उद्यानांत आणि शहरालगतच्या रानात सायकलीसाठी कच्च्या वाटा वाढवाव्यात ही मागणी आता मोठ्या शहरांतून लहान गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. गडचांदूरला तिचा विचार करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. इथले रान वाघाचे आहे आणि इथली बरीचशी मोकळी जमीन खाणीने खाल्लेली आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर या गावांना सायकलवाटा हव्यातच, पण त्या जंगलात नकोत. वस्तीलगतची दुखावलेली जमीन आणि शेतांमधल्या पांदणी ही त्यांची खरी जागा आहे. या मतापर्यंत मी का आलो ते सांगायला थोडे दुरून यावे लागेल.

शहरी उद्यानांत स्कीइंग आणि सायकलिंग एकत्र नांदण्याची कल्पना बर्फाळ देशांतली आहे. नॉर्वेत ऑस्लोभोवती ‘मार्का’ नावाचे अरण्य आहे. तिथे हिवाळ्यात सपाट आणि चढउताराच्या वाटांवर स्की घालून चालत-सरकत मैलोन्‌मैल जातात; यालाच क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात. स्कीफोरेनिंगेन ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था त्या वाटा सांभाळते. १९५७ च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक माणसाला मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क दिला आणि २००९ च्या वेगळ्या कायद्याने मार्काच्या हद्दीत शहराच्या बांधकामाला अटकाव केला. हक्क आणि अटकाव असे दोन्ही कायदे एकाच रानासाठी झाले. आपल्याकडे जंगल म्हटले की बहुधा यातले एकच काहीतरी सुचते. एकतर संपूर्ण बंदी, नाहीतर रिसॉर्टची रांग.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये हिवाळ्यात स्कीच्या वाटा असतात आणि उन्हाळ्यात मातीच्या वाटांवर सायकली धावतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे क्रॉस-कंट्री स्कीइंगची विश्वचषक मालिकेतली शर्यत झाली. पण त्या हिवाळ्यात मिनियापोलिसच्या मिनेसोटा राज्यात बर्फच इतके कमी पडले, की शर्यतीची वाट यंत्राने तयार केलेल्या बर्फावर उभी करावी लागली. आपल्या गुलमर्गची गत वेगळी नाही. २०२० पासून तिथे खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा होतात, त्यात क्रॉस-कंट्रीचाही समावेश असतो, आणि २०२५ मध्ये पुरेसे बर्फ नाही म्हणून त्या पुढे ढकलाव्या लागल्या. बर्फाचा भरवसा बर्फाच्या देशांतही राहिलेला नाही. सायकल मात्र बर्फावाचून चालते, म्हणून तिकडच्या उद्यानांत तिचा भार वाढत चालला आहे.

मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात स्कीचा विषय काढणे अप्रस्तुत वाटेल. पण बर्फाशी या जिल्ह्याचे नाते अगदीच नाही असे नाही. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेत मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम ही ती नावे. या मुलांनी बर्फ पाहिला तो प्रशिक्षणासाठी हिमालयात गेल्यावर. दमसास मात्र त्यांनी घरूनच नेला होता. रोजचे चालणे, डोंगर चढणे, पाणी आणणे, गुरांमागे जाणे यांतून तो तयार झाला होता. दमसासाच्या कुठल्याही खेळासाठी इथली मुले तयार आहेत, हे त्या मोहिमेने सगळ्या महाराष्ट्राला दाखवले. त्यांना कमी पडते ती गावाजवळची, रोज जाता येईल अशी, सुरक्षित जागा. एव्हरेस्ट ही मोहीम असते, ती एकदा होते. सायकलची वाट रोजची असते.

आता वाघाकडे वळू, कारण या प्रश्नाचा सगळ्यात जड भाग तोच आहे.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. पण चंद्रपूरचे वाघ प्रकल्पाच्या हद्दीत थांबत नाहीत. दक्षिणेला आजच्या तेलंगणात २०१२ साली कवाल व्याघ्र प्रकल्प झाला, आणि ताडोबाकडून कवालकडे जाणाऱ्या वाघांचा मार्ग राजुऱ्याच्या रानातून कागजनगरकडे उतरतो. म्हणजे माणिकगडच्या आसपासचे जंगल नकाशावर हिरव्या ठिपक्यासारखे दिसत असले, तरी वाघांसाठी ती ये-जा करण्याची वाट आहे. राजुरा आणि विरूर वनपरिक्षेत्रांत दहशत माजवणारा आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद झाला. त्याआधी त्या भागातल्या अनेक गावकऱ्यांचे जीव त्याने घेतले होते. गडचिरोलीकडे, वडसाच्या जंगलात, सीटी-१ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर मिळून तेरा माणसे त्याच्या हल्ल्यांत गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या आवारात एका कामगाराला वाघाने मारले आणि लगेच शेजारच्या दुर्गापुरात एका मुलाला बिबट्याने नेले. ही जागा जंगलातली नव्हती. एकीकडे वसाहत, एकीकडे कोळसा, मध्ये वेड्या बाभळीची दाट झुडपे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी चालणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती प्रशिक्षित होती, सोबत माणसे होती, जंगलाची माहिती होती. तरीही हे घडले. मग सुट्टीच्या सकाळी कानात गाणी लावून, मान खाली घालून, उतारावरून भरधाव येणाऱ्या सायकलस्वाराबद्दल काय बोलावे?

सायकलचा धोका पायी चालण्यापेक्षा वेगळा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. चालणाऱ्या माणसाची चाहूल लागते. तो बोलतो, खोकतो, पाचोळा वाजतो, प्राणी बाजूला होतो. सायकल जवळजवळ आवाज न करता येते आणि प्राण्याला हालायला वेळ देत नाही. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात २९ जून २०१६ रोजी ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळच्या वाटेवर वळणावरून आलेली सायकल थेट ग्रिझली अस्वलावर जाऊन आदळली. सायकलस्वार स्वतः वनसेवेतला अधिकारी होता. अस्वलाने त्याला जागीच मारले. मे २०१८ मध्ये सिअ‍ॅटल शहरापासून फार लांब नसलेल्या रानात कूगरने दोन सायकलस्वारांवर हल्ला केला, त्यांतला एक गेला. आपल्याकडे ग्रिझली नाही, पण अस्वल आहे. मोहफुले पडायला लागली की ते झाडाखाली येते आणि अचानक समोरासमोर आले तर पळण्याऐवजी अंगावर धावून येते. मोह आणि तेंदू वेचणाऱ्या बायांना हे कुणी सांगावे लागत नाही.

त्यात उन्हाची भर पडते. मार्च ते जून इथे दिवसा सायकल चालवणे शक्य नाही. चालवायची तर पहाटे नाहीतर दिवस मावळताना, आणि वाघ, बिबट आणि अस्वल यांच्या हालचालींची वेळही तीच. मुंबई किंवा पुण्यातल्या सायकलवाटांचे नियम चंद्रपूरला उचलून लावता येत नाहीत, याचे हे सगळ्यात मोठे कारण आहे. हवामानाने सायकलस्वाराला आणि वाघाला एकाच वेळी बाहेर काढले आहे.

गावातले लोक जंगलात जातातच, मग सायकलवाल्यांनी का जाऊ नये, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो मला मान्य नाही. मोहफूल, तेंदूपान, सरपण, बांबू यांसाठी जाणारी माणसे पोटासाठी जातात, दुसरा मार्ग नसतो म्हणून जातात, आणि त्यांची जोखीम कशी कमी करायची हा समाजाचा आणि सरकारचा प्रश्न आहे. हौसेसाठी नवी माणसे त्याच जोखमीत ढकलली तर पुढच्या हल्ल्यानंतर बंदी येते, आणि ती बंदी सायकलवाल्यांबरोबर सरपण आणणाऱ्या बाईवरही येते. शहरातली हौस आणि गावातली गरज यांचा हिशेब एकाच वहीत मांडला की तोटा गावाच्या पानावर लिहिला जातो.

महाराष्ट्रात जिथे उद्यान आणि सायकल एकत्र आली, त्या जागा थोडक्यात पाहू. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलात, कान्हेरीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर भाड्याच्या सायकली चालतात. बिबटे तिथेही आहेत, पण वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, गर्दी पुष्कळ. नागपूरला अंबाझरी तलावाजवळ वनविभागाने जैवविविधता उद्यान केले आहे. गवताळ माळ, झुडपे, पाणपक्षी आणि सायकली, शहराच्या कडेलाच. विदर्भातल्या लहान गावांनी पाहायला जावे अशी ही जागा आहे. पुण्याच्या टेकड्यांची गोष्ट निराळी. वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण इथे सायकलवाले पहाटे चढतात, पायी फिरायला आलेल्यांशी खटके उडतात, कुणीतरी गवतातून नवी वाट पाडतो आणि दोन पावसाळ्यांत तिथे घळ पडते. पण २०२३ मध्ये बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा प्रश्न तापला, तेव्हा वेताळ टेकडी वाचवा म्हणून जी माणसे रस्त्यावर उतरली, ती टेकडीवर रोज जाणारीच होती. वापरणाऱ्याला जागेची माया लागते. ही माया धरूनच मी सायकलवाटांच्या बाजूने आहे.

माउंटन बायकिंगमध्ये महाराष्ट्र मागे नाही. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली आहेत. पण चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मुलीला असे काही करायचे असेल तर सरावाला कुठे जायचे, या प्रश्नाला आज उत्तर नाही. ऑलिम्पिक पद्धतीच्या क्रॉस-कंट्री शर्यतीची एक फेरी ४ ते ६ किलोमीटरची असते. त्यासाठी अख्खे जंगल लागत नाही. काही हेक्टर उंचसखल जमिनीवर वळणे घेत ही फेरी बसते.

तशी जमीन कुठे आहे? गडचांदूरभोवती पाहावे तिकडे. माणिकगड सिमेंट गावातच, आवारपूरचा कारखाना, उपरवाहीचा, नारंड्याचा; पैनगंगेकाठच्या चुनखडीवर हा सगळा पट्टा उभा आहे. राजुऱ्याकडे सास्ती आणि पोवनीच्या कोळसा खाणी, मातीचे डोंगराएवढे ढीग. खाणवाले त्यांना ओबी म्हणतात, म्हणजे कोळशावरची काढून टाकलेली माती आणि दगड. गावांच्या वाट्याला हे ढीग, धूळ आणि ट्रक आले. जमीन गेली ती गेली.

मिनेसोटात, त्या मिनियापोलिसच्या उत्तरेला, क्यूयुना नावाचा लोखंडाच्या खाणींचा पट्टा आहे. शेवटची खाण १९८४ मध्ये बंद पडली. पडीक खड्डे, तांबडे ढीग आणि ओस पडत चाललेली दोन लहान गावे मागे राहिली. १९९३ मध्ये राज्याने त्या जागेला सार्वजनिक विहारक्षेत्राचा दर्जा दिला आणि २०११ मध्ये त्या ढिगाऱ्यांवरच मातीच्या सायकलवाटा खुल्या झाल्या. गावात दुकाने उघडली, माणसे राहायला येऊ लागली. कुठलेही जंगल तोडावे लागले नाही. उंचसखल जमीन हवी होती, ती खाणीने आधीच करून ठेवली होती.

आपल्याकडेही सुरुवात झालेली नाही असे नाही. वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाबरोबर २०१६ मध्ये सावनेर आणि गोंडेगावच्या बाजूला खाण पर्यटन सुरू केले, सावनेरला उद्यानही केले. मात्र ते बघायला जायचे ठिकाण आहे. गावच्या पोराने रोज संध्याकाळी जावे अशी जागा ती नाही. मला दुसरी गोष्ट हवी आहे.

आणि इथेच सावध राहायला हवे. खाणीची जमीन रिकामी असते हा समज चंद्रपुरात वाघांनी खोटा पाडला आहे. दुर्गापूर-पद्मापूर भागातल्या जुन्या ढिगांवर वेडी बाभूळ माजली, रानडुक्कर आले, त्यामागे बिबट आणि वाघ आले. जो ढीग जंगलाला चिकटून आहे आणि ज्यावर पंधरा-वीस वर्षांची झाडी आहे, तो आता रानाचाच भाग समजावा, तिथे सायकल नको. वाट हवी ती गावाकडच्या, उघड्या, चारी बाजूंनी वस्ती किंवा शेती असलेल्या ढिगावर. पुन्हा, जोवर खाणपट्टा चालू आहे तोवर तिथे लोकांना प्रवेशच नाही. सुरुंग लागतात, काठ ढासळतात, पाणी भरलेले खड्डे खोल असतात, त्यांत पोरे बुडतात. म्हणून वाटेची मागणी खाण बंद करण्याच्या आराखड्यातच घातली पाहिजे. हा आराखडा प्रत्येक खाणीला करावाच लागतो, त्यासाठी आर्थिक हमी ठेवावी लागते. त्यात झाडे लावण्याचे कलम असते. ‘सोळा वर्षांच्या मुलीला सायकल चालवता येईल असा ढाळ द्यावा’ असे कलम का नसावे? ढिगाला ढाळ द्यायचाच आहे, पोकलेन तिथे उभीच आहे. नंतर तोडफोड करण्यापेक्षा आधी आखणी केली तर खर्च फार वाढत नाही.

जंगलाबाबत आणखी एक गोष्ट, तीही वाघाइतकीच वजनदार. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर आणि गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १००० हेक्टरवर हक्क मिळाला. पाचगावने बांबूचा लिलाव स्वतः केला आणि तेंदू न तोडण्याचा निर्णयही स्वतः घेतला, कारण तेंदूसाठी झाडे छाटावी लागतात आणि रानाला आग लावली जाते. असे निर्णय घेणाऱ्या ग्रामसभांच्या रानातून कुणी नागपूरहून किंवा चंद्रपूरहून जीपीएसवर रेघ मारून ‘ट्रेल’ काढणे हे मला उद्धटपणाचे वाटते. ग्रामसभेने स्वतः ठरवले, वाट स्वतः आखली, भाडे स्वतः घेतले, तर प्रश्न वेगळा. उन्हाळा, मोह, तेंदू यांचे महिने वगळून, दिवसा, वाटाड्या सोबत घेऊन एखादी ग्रामसभा तसे करूही शकेल. निर्णय तिचा.

जिवतीच्या पठारावर कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत, माणिकगडचा जुना किल्ला आहे. किल्ल्यावर पायीच जावे. चंद्रपूरच्या परकोटाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी झाडाझुडपांत गाडला गेलेला तो गोंडकालीन तट हाताने साफ केला आणि त्यावरून लोकांना चालायला वाट मिळाली. कुदळ, फावडे, घमेले आणि चिकाटी, एवढ्या सामग्रीवर शहराने एक सार्वजनिक वाट परत मिळवली. सायकलवाटेसाठीही हीच पद्धत मला जवळची वाटते.

मला सगळ्यात मोठी आशा पांदणींकडून आहे. विदर्भातल्या प्रत्येक गावाच्या नकाशावर तुटक रेघांनी दाखवलेल्या पांदणी आहेत. गावातून वावरांकडे, एका गावाहून दुसऱ्या गावाला. दोन्ही बाजूंना धुरे, धुऱ्यावर बोर, बाभूळ, पळस, कडुनिंब. काही पांदणी लगतच्या शेतकऱ्याने नांगरून टाकल्या, काहींवर झुडपे माजली, काहींत पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो. पण मालकी सार्वजनिक आहे. रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करता येतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली, तिचा हेतूच या वाटा मोकळ्या आणि मजबूत करणे हा आहे. कापूस आणि सोयाबीन घरी आणायला ट्रॅक्टर गेला पाहिजे, हे तिचे पहिले काम. त्याच पांदणीवरून सायकल जाते, शाळेची मुलगी जाते. वेगळी जमीन नको, वेगळी परवानगी नको, जंगल तर लागतच नाही.

गडचांदूरहून नांदा, आवारपूर, बाखर्डी, कोरपना अशा दिशांना मुख्य रस्त्याने सायकल चालवणे म्हणजे सिमेंटच्या बल्करांच्या आणि ट्रकांच्या चाकांशेजारून जाणे. रस्त्याच्या कडेला साय असावी तशी धूळ. सायकल चालवताना माणूस बसल्या जागेपेक्षा कितीतरी पट जास्त हवा आत ओढतो, म्हणजे तेवढीच धूळही ओढतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते. अशा जिल्ह्यात व्यायामाची जागा रस्त्यापासून दूर आणि झाडांच्या आडोशाला असणे ही चैनीची बाब नाही. धुऱ्यांवरची झाडे धूळ अडवतात, सावली देतात. पांदण मोकळी करताना ती झाडे जेसीबीने उपटली तर निम्मा फायदा तिथेच जातो. योजनेत काम करणाऱ्या ठेकेदाराला हे आधी लिहून द्यायला हवे.

मातीचे गणितही समजून घेऊ. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पांदणीवर मुरमाचा थर, मध्ये किंचित उंची आणि दोन्ही बाजूंना चर एवढे केले तर दिवाळीपासून जूनपर्यंत वाट उत्तम राहते. ढिगावरच्या वाटेला नियम वेगळे. जगभर वाटा बांधणारे काही साधी सूत्रे पाळतात. वाटेचा चढ ज्या उतारावरून ती जाते त्याच्या निम्म्याहून जास्त नसावा, सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत असावा, वाट बाहेरच्या कडेला तीन ते पाच टक्के झुकलेली असावी, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता आडवे निघून जाईल. थोड्या थोड्या अंतरावर वाट किंचित खाली उतरून पुन्हा वर चढवली की पाणी तिथे बाहेर पडते. सरळ उतारावरून खाली नेलेली वाट दोन पावसाळ्यांत नाला होते. पुण्याच्या टेकड्यांवर तेच झाले. चुनखडीच्या धारदार चिपा असलेल्या जागी टायर फाटते, तिथे वरून मुरूम हवाच. आणि चार महिने पावसाळ्यात वाट बंद ठेवायची. ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, त्यात कुणाला वावगे वाटत नाही. ऑस्लोच्या माणसाला जसे ठाऊक असते की बर्फ पडला की ही वाट स्कीची, तसे आपल्याला ठाऊक असावे की पाऊस पडला की ही वाट पाण्याची.

अमलनाला धरणाच्या परिसराचे नाव या चर्चेत हमखास निघते, कारण गडचांदूरकर सुट्टीला तिथेच जातात. धरणाच्या पाळीवर सायकली नकोत. पाळ ही पाणी अडवण्यासाठी बांधलेली आहे. डोंगराच्या बाजूने रान सुरू होते, तिकडेही नको. गावाकडच्या बाजूला, उघड्या माळावर, दिवसाउजेडी लहान मुलांसाठी एखादी फेरी होऊ शकते. त्यापेक्षा जास्त अपेक्षा त्या जागेकडून करू नये.

लहान मुलांसाठी मी नगरपरिषदेच्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर पंप ट्रॅक मागेन. चढउतारांची, बंद गोलाकार मातीची वाट. पॅडल न मारता अंगाच्या हालचालीने सायकल पुढे जाते. काही गुंठे जागा पुरते, वस्तीच्या मधोमध होते, आई-वडिलांना दिसत राहते. साधी चोवीस इंची सायकलही त्यावर चालते, महागडी लागत नाही.

सायकल महागडी लागू नये, हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. २०२२ मध्ये त्यासाठीची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या खेड्यांत ती काळी-लाल, पुढे टोपली असलेली सायकल घराघरांत आहे. इथली वाट आखताना हीच सायकल समोर ठेवली पाहिजे. तीस हजारांच्या, सस्पेन्शनच्या सायकलीलाच जमेल अशी वाट केली तर ती चार जणांची होईल. टोपलीच्या सायकलीला जमेल अशी केली तर त्यावर मुलगी सकाळी शाळेला जाईल, संध्याकाळी शर्यतीचा सराव करील, आणि रविवारी नागपूरहून आलेला पाहुणाही फेरी मारील.

पैशाचा प्रश्न उरतो, पण या पट्ट्यात तो इतर तालुक्यांइतका अवघड नाही. खनिज कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाल्यापासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात खाणींचा पैसा जमा होतो आणि तो खाणबाधित गावांसाठीच आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण बसते. कोरपना तालुक्यात सिमेंट कारखान्यांची रांग आहे. त्यांनी उद्यानाच्या कमानीवर नाव कोरण्यापेक्षा दोन गावांमधली एक पांदण झाडांसह मुरूम टाकून द्यावी, तिचा फलक खुशाल लावावा.

पैसा मिळाला तरी देखभाल कोण करणार? चंद्रपूर जिल्ह्यात उद्यानांच्या फिती कापण्याचे कार्यक्रम पुष्कळ झाले. गवत वाढल्यावर, दिवे फुटल्यावर, चर बुजल्यावर तिथे कुणी येत नाही. मातीची वाट डांबरी रस्त्यापेक्षा स्वस्त असते, पण तिला दरवर्षी हात लावावा लागतो. मेअखेरीस चर उपसणे, ऑक्टोबरात खचलेल्या जागी मुरूम भरणे, धुऱ्यावरची फांदी डोळ्याच्या उंचीवर आली की छाटणे, ढिगावरच्या वाटेशेजारी वेडी बाभूळ माजू न देणे, कारण झाडी माजली की डुक्कर आणि डुकरामागे बिबट येतो. ही कामे रोजगार हमीतून गावातल्याच माणसांना देता येतात. ढिगावरची वाट सूर्योदयानंतर उघडावी, सूर्यास्ताआधी बंद व्हावी, फाटकाला माणूस असावा, वनविभागाच्या स्थानिक क्षेत्र सहायकाचा फोन नंबर फाटकावर मोठ्या अक्षरांत असावा, आणि आसपास वाघाचा माग दिसला की त्याच दिवशी वाट बंद करण्याचा अधिकार त्या माणसाला असावा. वरून हुकूम येण्याची वाट त्याने पाहू नये.

सुरुवात नोव्हेंबरात करता येईल, सोयाबीन निघाल्यावर आणि पांदणी वाळल्यावर. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशांच्या प्रती घेऊन, तलाठी आणि कोतवाल सोबत घेऊन, शाळेच्या मुला-मुलींनी सायकलवरूनच कोणती पांदण मोकळी आहे, कोणती अडवली आहे, कुठे सावली आहे, कुठे नाला आडवा येतो हे लिहून काढावे. ती यादी ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत वाचली जावी. मामलेदार न्यायालयात जायचे की शेजाऱ्याशी बोलून धुरा सरकवायचा, हे तिथेच ठरेल.